चिमाजी अप्पा

चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू. आज मीरा-भाईंदरमध्ये जेथे नया नगर वसले आहे, त्याच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. त्या काळी तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ च्या फेब्रुवारीत अप्पांनी त्यास वेढा घातला.

तट भक्कम दगडी होता. तोफेचा गोळा त्यावर आदळे, पण त्याची शक्ती दर्शनी दगड फोडण्यातच संपून जाई. तटाखाली कोंडलेल्या दारूचे तसे नव्हते. ती पेटताच तिचा वायू वरचा बुरूज पायापासून उखडून टाकी. म्हणून अप्पांनी बुरुजाखाली सुरुंग खणविले. मात्र दारू किती लागेल व ती केव्हा उडेल, हा अंदाज चुकला की घात होई. मे महिन्यात काही सुरुंग उडून खिंडार पडले. मराठे आत धावले, तोच मागे राहिलेला एक सुरुंग उडाला व अनेक वीर धारातीर्थी पडले. तरीही मराठे मागे हटले नाहीत. अखेर पोर्तुगीज शरण आले.

अप्पांनी शरणागतांस सन्मानाने जाऊ दिले. पुढे १७४० मध्ये ते निवर्तले. तट पाडण्याचे सामर्थ्य आणि शरणागतांस अभय देण्याचे औदार्य, दोन्ही त्यांच्या ठायी होते.