सातव्या दानवर थांबलेला किमुरा

ज्यूदोमध्ये पदवीला ‘दान’ म्हणतात व ती टोकियोची कोदोकान संस्था देते. तीन वेळा अखिल जपान अजिंक्यपद आणि एकदा संयुक्त विजेतेपद मिळवणाऱ्या मासाहिको किमुराला मात्र या संस्थेने सातव्या दानच्या पुढे कधीच नेले नाही. असे का झाले, हे कळण्यासाठी त्याचे सारे आयुष्यच पाहावे लागते.

किमुराचा जन्म १० सप्टेंबर १९१७ रोजी कुमामोतो येथे झाला. वडील नदीतली खडी उपसून विकत व पोरगाही त्यांच्या हाताखाली राबे. त्या कष्टाने अंग असे कसले गेले की पंधराव्या वर्षी त्याला चौथा दान मिळाला. त्याच गावचा नामवंत ज्यूदोपटू तात्सुकुमा उशिजिमा याने त्याला टोकियोस आणले आणि तो ताकुशोकु विद्यापीठात दाखल झाला.

अठराव्या वर्षाच्या सुमारास तो चार लढती हरला. ज्यूदो सोडून द्यावा असे त्याच्या मनात आले. पण मित्रांनी धीर दिला आणि मग सुरू झाली ती मेहनत ऐकून आपल्या तालमीतल्या पैलवानांनीही तोंडात बोट घालावे! दिवसाला नऊ नऊ तास सराव. प्रतिस्पर्ध्याच्या पायामागे बाहेरून पाय घालून त्याला पाठीवर आपटण्याचा ‘ओसोतो-गारी’ हा त्याचा हुकमी डाव. तो तो झाडावर घोटीत असे. पुढे १९३७, १९३८ व १९३९ अशी लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद, १९४० साली सम्राटासमोरील स्पर्धेत विजय आणि १९४९ मध्ये इशिकावाबरोबर संयुक्त विजेतेपद.

परंतु पदकांनी चूल पेटत नाही. युद्धानंतर शाळांतून ज्यूदोला बंदी होती आणि पत्नीला क्षयाने ग्रासले होते. औषधे महाग. म्हणून १९५० साली उशिजिमाने काढलेल्या धंदेवाईक ज्यूदो संघात किमुरा शिरला. संघ काही महिन्यांतच बुडाला, पण पैसे घेऊन खेळल्याचा डाग तेवढा राहिला. आजाऱ्याच्या औषधासाठी अंगची विद्या विकली तर त्यात पाप कसले, हे मला तरी उमगत नाही.

त्यानंतर तो हवाई व ब्राझीलला गेला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर एलिओ ग्रेसी या ब्राझिली मल्लाशी त्याची गाठ पडली. किमुराने त्याचा हात दुमडून पाठीमागे पिरगाळला. हाड मोडले तरी ग्रेसी हार मानीना. अखेर त्याच्या भावाने टॉवेल टाकला. वजनाने कितीतरी हलक्या ग्रेसीची ती जिद्दही थोर म्हणावी लागेल. त्या डावाला आज जगभर ‘किमुरा’ म्हणतात.

मायदेशी मात्र २२ डिसेंबर १९५४ हा दिवस त्याला भोवला. एके काळचा सुमो मल्ल रिकिदोझान याच्याशी टोकियोत व्यावसायिक कुस्ती ठरली होती. निकाल बरोबरीचा लावायचे आधीच ठरले होते, असे किमुराचे म्हणणे. पण रिकिदोझानने मध्येच खरेखुरे तडाखे लगावले आणि किमुरा बेशुद्ध पडला. लोकांनी ते दूरदर्शनवर पाहिले. नुरा कुस्तीत शब्द पाळणाऱ्याचेच नुकसान होते!

पुढे तो ताकुशोकुतच मुलांना शिकवू लागला. त्याचा शिष्य कानेओ इवात्सुरी १९७१ साली अखिल जपान विजेता झाला. १८ एप्रिल १९९३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने किमुरा वारला, तेव्हाही त्याचा दान सातवाच होता.