विलिस कॅरिअर : हवेला शिस्त लावणारा इंजिनिअर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी हैदराबादला मामांकडे गेलो होतो. दुकाने व कचेऱ्या वातानुकूलित करून देणे हा मामांचा व्यवसाय. कोटी भागातील एका तीन मजली दुकानाच्या गच्चीवर चार आउटडोअर युनिटे बसवायची होती. लोखंडी चौकटी, रबराचे पॅड, तांब्याच्या नळ्या, सारे काही झाले. पण जागा वाचावी म्हणून यंत्रे उंच कठड्याला खेटून ठेवली. भर दुपारी ती आपलीच गरम हवा पुन्हा ओढू लागली आणि एकामागून एक बंद पडली. कडेच्या यंत्राचा झोत तर शेजाऱ्यांच्या खिडकीत जात होता. त्या रात्री मामांनी मला या विद्येच्या जनकाची हकीकत सांगितली.

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते शिकवले. विलिस अकरा वर्षांचे असताना ती माउली निवर्तली. शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ साली ते इंजिनिअर झाले व बफेलो येथील एका कारखान्यात आठवड्याला दहा डॉलरवर लागले.

दुसऱ्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याचे गाऱ्हाणे त्यांच्याकडे आले. दमट हवेने कागद फुगे, कोरड्या हवेने आकसे, आणि एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. कॅरिअर यांनी थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातील ओलावा आवरला. म्हणजे या शास्त्राचा जन्म माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदासाठी झाला!

पुढे पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुक्यात उभे असताना त्यांना कोडे उलगडले. धुक्यातील हवा ओलाव्याने पुरती भरलेली असते, तरी थंड असल्याने तिच्यात एकंदर पाणी थोडेच असते. तेव्हा थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली तर ती कोरडीही करता येईल! १९०६ साली त्यांना याचे पेटंट मिळाले. १९११ साली त्यांनी हवेतील उष्णता व आर्द्रता यांचे गणित मांडले. हैदराबादच्या कोरड्या मे महिन्यात गारवा देणारा साधा कूलर पावसाळ्यात का हरतो, हे त्याच गणिताने कळते.

कारखान्याने हा विभाग आवरता घेतला, तेव्हा १९१५ साली सात इंजिनिअरांनी ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. अमोनियाची यंत्रे गर्दीच्या जागी धोक्याची होती; १९२२ साली कॅरिअर यांनी अधिक सुरक्षित, सेंट्रिफ्यूगल यंत्र पुढे आणले. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात प्रेक्षक पंखे हलवीत आले आणि थोड्याच वेळात त्यांनी ते खाली ठेवले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरिअर निधन पावले.

दुसऱ्या दिवशी मामांनी पदरमोड करून चौकटी उखडल्या व कठड्याहून उंच, गच्चीच्या मधोमध नव्याने बसवल्या. शेजाऱ्यांची खिडकी सुटली, यंत्रेही नीट चालू लागली. मित्रहो, थंडावा कुठून निर्माण होत नाही. आतली उष्णता बाहेर टाकली जाते आणि यंत्राने खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. ती कोणाच्या दारात पडते, हे मात्र बसवणाऱ्याने पाहायचे असते.