पाठीवरचे पोर

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ सालची भिडेवाड्यातील मुलींची शाळा आठवते. त्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र एका आजारी पोरासाठी धावताना झाला.

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला त्यांनी आसरा दिला, तिच्या मुलाला दत्तक घेतले आणि शिकवून डॉक्टर केले. हेच डॉ. यशवंत. जोतीराव १८९० मध्ये गेले.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. गाठ आलेल्या माणसाजवळ सख्खेही जायला भीत; मग घरी डॉक्टर कोण आणणार? सावित्रीबाईंनी यशवंतांकरवी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. एकटा डॉक्टर किती घरी पोहोचणार, म्हणून वयाच्या ६६ व्या वर्षी त्या स्वतःच रोगी आणू लागल्या.

मुंढव्याच्या दलित वस्तीत बाबाजी गायकवाडांचा पांडुरंग प्लेगने आजारी होता. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

भालकी, आळंदकडच्या आपल्या गावांत आजही रात्री पोर तापले की आधी शेजाऱ्याचे दार वाजते. अशा वेळी जो गाडी काढतो, तो सावित्रीबाईंचेच काम पुढे नेतो.