प्लेगची लस शोधणारे हाफकिन

छत्रपती शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरातही आलेल्या प्लेगवर लस शोधली वाल्डेमार हाफकिन यांनी. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोकांची भीती जावी म्हणून तरुण आगाखानांनीही ती सर्वांसमक्ष घेतली.

पण लस गुणकारी आहे हे सिद्ध कसे करावे? भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या कैद्यांत प्लेग कमी आढळला. तथापि स्वखुशीने पुढे आलेले मुळातच सशक्त असतील, ही शंका उरली. म्हणून १८९८ साली बडोदे संस्थानातील उंधेरा गावी घरोघरी निम्म्या माणसांनाच लस दिली. घर एक, अन्न एक. फरक फक्त लसीचा. पुढे प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ पैकी ३, तर न घेतलेल्या ६४ पैकी २६ जण दगावले.

१९३० साली हाफकिन निवर्तले. मुंबईची हाफकिन संस्था त्यांचे नाव चालवीत आहे. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या औषधाची वाहवा ऐकाल तेव्हा जरूर विचारा : ते न घेणाऱ्यांचे काय झाले?