दहीवाला प्रोफेसर

माझे आजोळ पिरनवाडीचे. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या सडकेला जांबोटी-चोर्ल्याची वाट जेथे फुटते, तेथले हे गाव. आज ते शहराला जवळजवळ मिळून गेले आहे. पण आमच्या लहानपणी सडक सोडली की दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागत. मे महिन्याच्या सुटीत बडोद्याहून तेथवर पोहोचेपर्यंत आम्हा मुलांचे कपडे आगगाडीच्या कोळशाने काळे झालेले असत. आजी उंबऱ्याशी उभी असे, आणि पहिल्याच जेवणाला पानात कवडीसारखे घट्ट दही पडे. रोज दही खाणाऱ्याला म्हातारपण शिवत नाही, असा तिचा एक सिद्धान्त होता. याच सिद्धान्तापायी पॅरिसमध्ये एका थोर शास्त्रज्ञाची व्यंगचित्रे निघाली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले.

ते शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकॉफ. त्यांचा आपल्या बडोद्याशी आणि माझ्या आजोळच्या मुलखाशीही संबंध पोहोचतो, दूरचा का होईना. तो ओघात येईलच.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ सालचा, खारकॉव्ह शहराजवळच्या एका खेड्यातला. तो मुलूख त्या वेळी रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या फौजेतले अधिकारी. मुलाला शास्त्राकडे वळवले ते आईने. मुलगा इतका तल्लख आणि इतका अधीर की विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्याने दोन वर्षांत उरकला. पुढे जर्मनी आणि इटली पालथी घालून समुद्रातील क्षुद्र जीवांवर संशोधन केले आणि ऐन तारुण्यात ओदेसा येथे अध्यापकी मिळवली.

संसाराने मात्र त्यांना फार पोळले. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगलेली होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे तिच्या उपचारांसाठी वणवण झाली आणि १८७३ साली मदेइरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफ यांनी अफूच्या अर्काची जबर मात्रा घेतली. मात्रा जास्त झाल्यामुळे ती उलटून पडली आणि ते वाचले. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी पुन्हा जिवावर उदार होऊन उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. या वेळी मरणातूनही शास्त्राला काही मिळावे असा हेतू होता. याही वेळी ते वाचले. हा मनुष्य पुढे दीर्घायुष्याचा उपदेशक झाला, याची मला नेहमी मौज वाटते.

१८८१ साली झारचा खून झाला आणि विद्यापीठांवर सरकारी वरवंटा फिरू लागला. मेचनिकॉफ राजीनामा देऊन इटलीच्या मेसिना बंदरी येऊन राहिले. तेथला १८८२ सालचा प्रसंग शास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहावयास गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसून ताराम्याच्या, म्हणजे स्टारफिशच्या, पारदर्शक अर्भकात हिंडणाऱ्या पेशी न्याहाळत होते. या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील, अशी कल्पना एकाएकी मनात आली. तसे असेल तर आत काटा खुपसल्यावर त्या धावून आल्या पाहिजेत. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्या इवल्याशा जीवांत टोचले आणि रात्र जागून काढली. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

तोवर सूज आणि पू म्हणजे केवळ रोगाची घाण, असे वैद्यकाचे मत होते. ती शरीराने दिलेली झुंज आहे, हे या माणसाने दाखविले. त्या पेशींना फॅगोसाइट हे नाव मिळाले; आपण भक्षक पेशी म्हणू. जर्मन पंडितांना हे मानवले नाही. त्यांच्या मते रोगाशी लढतो तो रक्तातला रस, पेशी नव्हेत. हा वाद वीस-पंचवीस वर्षे चालला. १८८८ साली पाश्चर यांनी मेचनिकॉफ यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली, ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

याच संस्थेत त्यांच्या मागोमाग त्यांचा एक ओदेसाचा शिष्य आला आणि प्रारंभी ग्रंथालयात साहाय्यक म्हणून राहिला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईत १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारा तोच हा. जुन्या बडोदेकरांना उंडेऱ्याची हकीकत ठाऊक असेल. १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन यांनी त्या गावातील घरोघरच्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २६. त्याच साली हुबळी-धारवाडकडे हजारो लोकांनी दंड पुढे केले. पिरनवाडीची माणसे प्लेगच्या दिवसांत रानात खोपी घालून राहिली होती, हे आजीने तिच्या आईकडून ऐकलेले आणि आम्हाला सांगितलेले.

मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेत ज्यूल बोर्दे नावाच्या बेल्जियन तरुणाने १८९५ च्या सुमारास रक्तरसातील एका पदार्थाचे काम उजेडात आणले. त्याला पुढे कॉम्प्लिमेंट म्हणू लागले. जंतूवर हा पदार्थ चिकटला की भक्षक पेशीला आपला घास ओळखू येतो. रस की पेशी हा वाद येथेच मिटावयास हवा होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक पेशीवाले मेचनिकॉफ आणि रसवाले एर्लिख यांना वाटून देऊन स्वीडनच्या पंडितांनी तो सभ्यपणे मिटविला.

उतारवयात मेचनिकॉफ म्हातारपणाच्या मागे लागले. १९०३ च्या एका ग्रंथात त्यांनी एक भयंकर तर्क मांडला: जन्मभर राखण करणाऱ्या भक्षक पेशी उतारवयात घरच्याच माणसांवर उलटतात, केसांतला रंग खातात म्हणून केस पिकतात, आणि मेंदूच्या पेशी खातात म्हणून बुद्धी जाते. आतड्यातील जंतूंचे विष त्यांना चिथावते, सबब आंबट दह्याने ते जंतू हटवावेत, हा त्यावरचा उतारा. ते स्वतः वर्षानुवर्षे दही घेत. युरोपात दह्याची लाट उसळली, व्यंगचित्रे निघाली. आणि रुमानियाचे मारिनेस्कू यांच्यासारख्या मेंदूच्या जाणकारांनी तो तर्क खोडून काढला. १९१६ च्या जुलैमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, मेचनिकॉफ हृदयविकाराने पॅरिसमध्येच वारले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

येथे चरित्र संपते. पण तो खोडलेला तर्क मला महत्त्वाचा वाटतो, आणि या लेखाचे खरे निमित्तही तोच आहे.

त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९१९ साली, स्पेनच्या रिओ ओर्तेगा यांनी मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या बारीक पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या मेंदूतल्या भक्षकच होत. तरीही मेंदू हा शरीराच्या पहारेकऱ्यांना बंद असलेला वाडा आहे, ही समजूत पुष्कळ वर्षे टिकली. तिला मोठा तडा गेला तो अगदी अलीकडे. आपले कोण, परके कोण हे ओळखण्यासाठी पेशींवर जी खूण असते, ती अमेरिकेतील कार्ला शॅट्झ यांना १९९८ मध्ये निरोगी मज्जापेशींतच सापडली. २००० साली असे दिसले की ही खूण उंदरांत नीट उमटली नाही, तर मेंदूतील नको असलेले जोड गळून पडत नाहीत.

हे जोड म्हणजे दोन मज्जापेशी जेथे एकमेकींशी बोलतात ती जागा. लहानपणी मेंदूत ते गरजेपेक्षा फार दाट उगवतात, आणि शिकणे म्हणजे थोडेफार त्यांची विरळणी करणे. पिरनवाडीच्या बायका भांगलणीला बसत, तेव्हा कोणते रोप ठेवायचे आणि कोणते उपटायचे हे त्यांच्या बोटांना कळे. मेंदूत हे कोणाला कळते? २००७ साली बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांनी उत्तर दिले की त्यात बोर्दे यांच्या त्या कॉम्प्लिमेंटचाच हात आहे. तो अशा जोडांवर चिकटतो. आणि कमी वापरातले जोड मायक्रोग्लिया गिळतात, हे २०१२ मध्ये उंदरांत प्रत्यक्ष दिसले. एकाच प्रयोगशाळेतले गुरू आणि शिष्य, पेशी आणि रस, शंभर वर्षांनी बालकाच्या मेंदूत असे एकत्र आले!

हे पदार्थ नुसते छाटणीच करीत नाहीत. इंटरल्यूकिन-१ हा तापात वाढणारा पदार्थ अल्प प्रमाणात स्मरणाला उपकारक असतो, फार झाला की स्मरण मंदावते. आजारपणात डोके चालत नाही, त्याचे एक कारण हे.

आणि म्हातारपणी? २०१६ साली स्टीव्हन्स यांच्या गटाला अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांत असे आढळले की लहानपणी थांबलेली ती भांगलण अवेळी पुन्हा सुरू होते, आणि यावेळी चांगली रोपेही उपटली जातात. कॉम्प्लिमेंटला आवर घातला की जोड वाचतात. उंदरांत जमले ते माणसांत जमेल असे नव्हे, आणि माणसाच्या या विकारात इतरही पुष्कळ कारणे गुंतलेली आहेत. पण राखणदार घरावर उलटतो हा मेचनिकॉफ यांचा तर्क सोळा आणे चुकीचा नव्हता, एवढे मला म्हणता येईल. चूक होती ती तपशिलात: अख्ख्या पेशीच्या आधी जोड जातात. आणि दह्याने ते थांबतात याला पुरावा नाही.

आमच्या आजीने जन्मभर दही खाल्ले आणि सत्तरी ओलांडल्यावर ती विसरू लागली. आधी कुलपाच्या किल्ल्या, मग वार, मग नातवंडांची नावे. घरात कोणी म्हणे सोंग करते, कोणी म्हणे वय झाले. एकदा तिने मला तेच तेच चौथ्यांदा विचारले, तेव्हा मीही तिच्यावर खेकसलो होतो. ती गप्प बसली आणि पदराचे टोक चाळवत राहिली. तिच्या मेंदूतले जोड कोणी तोडत असेल, हे आम्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा तिने मला ओळखले नाही. कोणाचा तू, असे विचारून घेतले आणि उत्तर न ऐकताच चुलीकडे वळली. दूध कोमट झाले की नाही हे करंगळी बुडवून पाहिले, वाटीतले विरजण बोटाने मोडून घातले, गाडगे झाकून कोनाड्यात ठेवले. सकाळी दही कवडीसारखे लागले होते.