सोयाबीनमधून संप्रेरके घडविणारा गुलामाचा नातू

संधिवाताच्या, दम्याच्या रुग्णाला डॉक्टर स्टेरॉईड देतात. हे औषध गोरगरिबांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत एक काळा रसायनशास्त्रज्ञ होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

पर्सी ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी येथे झाला. आजोबा गुलाम. काळ्या मुलांना त्या शहरात आठवीपुढे शिक्षणाची सोय नव्हती. डीपॉव विद्यापीठाने प्रवेश दिला, वसतिगृह दिले नाही. तिथेच ते १९२० साली वर्गात पहिले आले! डॉक्टरेटसाठी मात्र त्यांना थेट व्हिएन्ना गाठावे लागले. १९३५ साली त्यांनी काचबिंदूवरील फायझोस्टिग्मीन प्रयोगशाळेत तयार केले, तरी डीपॉवने त्यांना प्राध्यापक केले नाही. अखेर १९३६ साली ग्लिडन या रंग कंपनीने त्यांना शिकागोत सोयाबीन संशोधनाचे प्रमुख नेमले.

पुढे सोयाबीन तेलाच्या एका टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा साका जमला. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. ज्युलियन यांनी ओळखले, हे स्टिग्मास्टेरॉल आहे. त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकविणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनविले. १९४९ साली कॉर्टिसॉलच्या अगदी जवळचे संयुग बनविण्याची स्वस्त रीतही त्यांनी शोधली. दोन्हींत फरक केवळ एका ऑक्सिजन अणूचा. तोवर असली औषधे बैलाच्या पित्तापासून, असंख्य पायऱ्या चढून बनत.

हे संप्रेरक करते काय? इन्सुलिन किंवा वाढीचे घटक पेशीच्या दारावरच थांबतात, निरोप तेवढा आत धाडतात. कॉर्टिसॉल स्निग्ध असल्याने पेशीचे आवरण ओलांडून सरळ आत जाते. आत त्याच्यासाठी ग्राही नावाचे प्रथिन असते. दोघे जोडीने केंद्रकात शिरतात, डीएनएवरील ठराविक जागी बसतात आणि कोणत्या जनुकाची नक्कल काढायची, कोणत्याची थांबवायची हे ठरवितात. सूज आणणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांना लगाम बसतो, म्हणून सांध्याची सूज उतरते. पेशी गोऱ्याची की काळ्याची, हा प्रश्न ग्राहीला पडत नाही.

ओक पार्कच्या गोऱ्यांना मात्र पडला. शिकागोजवळच्या या उपनगरात ज्युलियन यांनी घर घेतले, तेव्हा १९५० साली ते पेटविण्याचा प्रयत्न झाला; १९५१ साली सुरुंगाची दारू फेकली गेली. ते हलले नाहीत. १९५३ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि काळ्या रसायनशास्त्रज्ञांना तिथे काम दिले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना १९७३ साली सदस्य करून घेतले, म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी!

१९ एप्रिल १९७५ रोजी ते गेले. कॉर्टिसॉलच्या मानवी ग्राहीचा जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागला, तो त्यानंतर दहा वर्षांनी, १९८५ साली.