जॅक लेस्ली : निवड झाली, पण…

वर्गातली मुलं फुटबॉलवेडी असतील, तर त्यांना जॅक लेस्लीबद्दल जरूर सांगा. जन्म लंडनचा, १९०१ चा. वडील जमैकाचे. इंग्लंडमधल्या प्लिमथ अर्गाइल क्लबसाठी त्याने ४०० सामन्यांत १३७ गोल केले. क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. तरीही १९२५ मध्ये त्याची चक्क इंग्लंडच्या संघात निवड झाली! पण तो कृष्णवर्णीय आहे हे निवड करणाऱ्यांना कळलं, आणि नाव गुपचूप वगळलं गेलं. पुन्हा बोलावणं कधीच आलं नाही.

खेळ सुटल्यावर बॉयलर बनवायचं काम. उतारवयात तो वेस्ट हॅम क्लबात खेळाडूंचे बूट साफ करायचा. बघा, त्यात इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर याचेही बूट असत! १९८८ मध्ये लेस्ली वारला. इंग्लंडची मानाची कॅप त्याच्या नातींच्या हाती आली, ती २०२३ मध्ये.